तुझा धंदा कोणता?

इटलींतील मोडेना शहरीं बर्नार्डिनो रामाझ्झिनी नांवाचा एक वैद्य होता. आपल्या घरचा मैलाखड्डा उपसणारा माणूस इतक्या घाईनें कां काम करीत आहे असें त्यानें एकदां विचारलें, तेव्हां या कामांत फार वेळ राहिलें तर डोळे जातात असें उत्तर मिळालें. त्या उत्तरानें त्याच्या विचारांस चालना मिळाली आणि १७०० सालीं त्यानें कामकऱ्यांच्या रोगांवर एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्यास विचारावयाचे जे प्रश्न हिप्पोक्रेटिसाच्या काळापासून ठरून गेले होते, त्यांत त्यानें एकाची भर घातली. तो प्रश्न म्हणजे, तुझा धंदा कोणता?

पिंपरी, चिंचवड, भोसरी व चाकण या भागांत हा प्रश्न विशेष अगत्याचा आहे. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर येथील माळरानांवर कारखाने उभे राहिले, आणि कांद्याच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध असलेलें चाकणही पुढें मोटारींचें गांव बनलें. मूत्रमार्गाच्या रोगांशीं या भागाचा एक जुना संबंध आहे, पण तो औषधाच्या रूपानें. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें. परम्यामुळें मूत्रनलिका आकसून लघवी तुंबलेला रोगी हा पूर्वीं शस्त्रवैद्यांच्या नित्य परिचयाचा असे. तो विरळ झाला, याचें पुष्कळसें श्रेय अशा औषधांकडे जातें. आतां या भागांतील रोगाचा विचार करूं.

मनुष्याच्या प्रत्येक मूत्रपिंडांत सुमारें दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडें मिळून चोवीस तासांत रक्तांतून सुमारें १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यांतील दीड लिटराच्या आसपास लघवी म्हणून बाहेर टाकून बाकीचा सर्व परत रक्तास देतात. गृहिणी ताक घुसळून लोणी काढते त्यापेक्षांही हा व्यवहार काटकसरीचा आहे. परंतु पाणी परत गेलें तरी नको असलेले पदार्थ मागें राहतात व ते उत्तरोत्तर घट्ट होत जातात. शिसें किंवा कॅडमियम अंगांत गेलें तर मूत्रपिंडांतील नळ्यांच्या अस्तराला झीज लागते ती यामुळें. जुन्या बॅटऱ्या फोडण्याचें किंवा मुलामा देण्याचें काम करणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

ज्यास कोणतेंही विष हाताळावें लागत नाहीं, त्यासही एका गोष्टीपासून सुटका नाहीं, आणि ती म्हणजे उष्णता. ओतशाळेंतील भट्टीपुढें किंवा पत्र्याच्या छपराखालीं उभ्या असलेल्या माणसाचें पाणी घामावाटे जातें. मग लघवी थोडी व गडद होते, तिच्यांतील कॅल्शियम ऑक्झलेटाचे कण एकमेकांस चिकटतात आणि मुतखडा बनतो. खडा मूत्रवाहिनींत अडकला म्हणजे कुशींतून जांघेकडे जी कळ निघते ती ज्यानें सोसली त्यास तिचें वर्णन सांगण्याची गरज नाहीं. तथापि कळ देणारा खडा एका अर्थीं प्रामाणिक म्हणावा लागेल. वाट अडवूनही मुकाट बसलेला खडा मागील मूत्रपिंड फुगवीत नेतो, आणि तें निकामी झाल्याचें पुष्कळदां दुसऱ्याच कारणासाठीं केलेल्या तपासणींत कळून येतें.

येथें स्त्रियांबद्दल दोन शब्द बोलणें अवश्य आहे. जुळणीच्या साखळीवर काम करणारी स्त्री आठ तास जागा सोडतां येऊं नये म्हणून पाणीच पीत नाहीं, कारण शौचकूप दूर असतो किंवा तो जाण्यायोग्य नसतो. स्त्रियांची मूत्रनलिका अवघी चार सेंटिमीटर लांबीची असल्यामुळें आंतड्यांतील जंतूंना मूत्राशयापर्यंत पोंचणें सोपें जातें. त्यांतून लघवी कोंडून धरली कीं त्यांस वाढण्यास अवसर मिळतो. आग होणें, वारंवार लागणें हें प्रथम होतें. पुढें थंडी वाजून ताप भरला व पाठ दुखूं लागली म्हणजे जंतु मूत्रपिंडापर्यंत चढले असें समजावें. शौचकूप कोठें बांधावयाचा हा प्रश्न अशा रीतीनें वैद्यकाचाही होऊन बसतो.

उन्हांत काम करणाऱ्या कामगारांची मूत्रपिंडें तरुणपणींच खराब होतात असें मध्य अमेरिकेंतील एल साल्व्हादोर व निकाराग्वा येथील ऊसतोडणी कामगारांत दिसून आलें आहे. त्याच्या कारणांविषयीं विद्वानांत वाद आहे, तरी उष्णता व पाण्याची तूट यांवर मोठा संशय आहे. घामानें शोषलेल्या शरीरांत अंगदुखीच्या गोळ्या रोज जात राहिल्या तर मूत्रपिंडाकडील रक्तप्रवाह आणखीच कमी होतो. पाळी संपतांना कंबर दुखते म्हणून दुकानांतून गोळी घेणें ही संवय साधी वाटते. ती साधी नाहीं.

मूत्रपिंडांत विष क्षणभर थांबतें, पण मूत्राशयांत तें तासन् तास सांठून राहतें. फ्रांकफुर्ट येथील लुडविग रेन या शस्त्रवैद्यानें १८९५ सालीं असें दाखविलें कीं, फुक्सीन नांवाचा रंग बनविणाऱ्या कामगारांत मूत्राशयाच्या गांठी आढळतात. पुढें रंगधंद्यांतील बीटा-नॅफ्थिलअमाइन व बेंझिडीन हे पदार्थ यास कारण असल्याचें ठरलें, आणि १९३८ सालीं हूपर या संशोधकानें कुत्र्यांना पहिला पदार्थ देऊन त्यांच्या मूत्राशयांत गांठी उत्पन्न करून दाखविल्या. या रोगाचें सर्वांत मोठें कारण मात्र तंबाखूचा धूर हें आहे. धुरांतील तींच विषें रक्तावाटे लघवींत उतरतात. तेव्हां बिडीचा संबंध केवळ छातीशीं आहे असें मानणाऱ्यांनीं आपली समजूत सुधारून घ्यावी.

या गांठीचें पहिलें चिन्ह म्हणजे लघवींतून रक्त जाणें, आणि बहुधा तें वेदनेवांचून जातें. एके दिवशीं लघवी लाल होते, दुसरे दिवशीं पुन्हा स्वच्छ; दुखत तर कांहींच नाहीं. उष्णतेचा विकार म्हणून घरांत सब्जाचें पाणी दिलें जातें आणि गोष्ट विसरली जाते. गांठ मात्र भिंतींत खोल शिरत असते. अस्तरापुरती असतांना दुर्बिणीनें खरवडून काढतां येणारी गांठ स्नायूंत उतरल्यावर सबंध मूत्राशय काढावा लागण्याची पाळी येते. चाळिशीच्या पुढील माणसास एकदांच जरी असें रक्त गेलें, तरी तपासणी झालीच पाहिजे.

लघवींतील रक्ताचें कारण गांवावरूनही उलगडतें. १९५२ सालीं गाडगीळ व शहा या संशोधकांनीं रत्नागिरी जिल्ह्यांतील गिमवी या गांवीं मूत्राशयांत अंडीं घालणाऱ्या एका रक्तकृमीचा प्रादुर्भाव असल्याचें प्रसिद्ध केलें. हा कृमि आफ्रिकेंत व इजिप्तमध्यें सर्वत्र परिचित. भारतांत तो आढळावा ही नवलाची गोष्ट होती. त्याचें मूळ गांवच्या पाण्यांतील एका चिमुकल्या गोगलगायींत सांपडलें. लघवीची बाटली कोठून आली हें ज्यास ठाऊक नाहीं त्यानें अशा ठिकाणीं काय तर्क करावा?

आतां लेथयंत्राकडे वळूं. लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्यानें १७७५ सालीं धुराडीं साफ करणाऱ्यांच्या अंडकोशाच्या कातडीस होणारा कर्करोग काजळीपासून होतो असें लिहिलें. १९२२ सालीं मँचेस्टरच्या बाजूस सूतगिरण्यांतील कामगारांत तोच रोग आढळला; तेथें काजळी नव्हती, चात्यांना घालावयाचें खनिज तेल होतें. नंतर स्वयंचलित लेथवरील कारागिरांतही तो दिसला. यंत्रावर वांकलेल्या माणसाची विजार तेलानें भिजते, तेलकट चिंधी खिशांत राहते व तेल वर्षानुवर्षें कातडीस लागत राहतें. अलीकडे तेल अधिक शुद्ध करून वापरतात, त्यामुळें हा रोग फार कमी झाला आहे. परंतु भोसरीच्या एखाद्या लहानशा गाळ्यांत कोणतें तेल कितव्यांदा वापरलें जातें, हें तेथें काम करणाराच जाणतो. कोशाच्या कातडीवर न भरणारी पुळी असेल तर लाज न धरतां ती दाखवावी.

आंतील वृषणाची गांठ ही वेगळी वस्तु. ती विशेषतः तरुणांस होते व बहुधा दुखत नाहीं. ती सुईनें टोंचून किंवा कोशावर चीर देऊन पाहत नाहींत, जांघेंतून वृषण काढूनच तपासतात. नाहीं तर रोगाला नवी वाट मिळते. सिसप्लॅटिन हें औषध १९७० नंतरच्या दशकांत हातीं आल्यापासून हा रोग पसरला असतांही बहुतेकांचा बरा होतो. याउलट एकाएकीं असह्य दुखणारा वृषण पिळ पडलेला असण्याचा संभव असतो, आणि तो वांचविण्यास सहा तासांच्या आसपासच अवधि असतो.

प्रोस्टेट, म्हणजे पुरस्थ ग्रंथि, उतारवयांत बहुतेक पुरुषांची वाढते. ही वाढ कर्करोग नव्हे. ती नळीलगतच्या भागांत होते म्हणून धार बारीक होते. कर्करोग बहुधा बाहेरच्या भागांत सुरू होतो, त्यामुळें प्रारंभीं तो कांहींच सुचवीत नाहीं. त्याची निश्चिति सूक्ष्मदर्शकाखालीं होते, आणि ग्लीसन या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञानें १९६६ पासून रूढ केलेल्या पद्धतीप्रमाणें ग्रंथींची रचना किती विस्कटली आहे यावरून त्याची तीव्रता ठरवितात.

अशी कोणतीही गांठ शेवटीं विकृतिशास्त्रज्ञाच्या मेजावर येते. केसाहूनही पातळ काप करून तो रंगवितात. केंद्रकें जांभळीं व बाकीचा भाग गुलाबी दिसतो. त्या कांचेवरून रोगाचें नांव सांगतां येतें, किती खोल गेला तें सांगतां येतें. तो कोठून आला हें सांगतां येत नाहीं. तें सोबतच्या चिठ्ठीवर असावें लागतें, आणि तेथें धंद्याच्या रकान्यांत बहुधा 'नोकरी' एवढेंच लिहिलेलें असतें, किंवा तेंही नसतें. १९४८ च्या कारखाना कायद्यानें व्यवसायजन्य रोगांची एक यादी घातली होती. शिशाची विषबाधा व कातडीचा कर्करोग हे तींत होते. पण यादींत रोगाचें नांव असणें आणि तो या माणसास या कामापासून झाला असें सिद्ध करणें यांत मोठें अंतर आहे. मूत्राशयाची गांठ विषाच्या संपर्कानंतर वीस वीस वर्षांनीं निघते. तोंपर्यंत तो कंत्राटी मजूर चार कारखाने बदलून लातूर, बीड किंवा बिहारकडील आपल्या गांवीं परत गेलेला असतो, आणि तेथील डॉक्टराला समोर एक शेतकरी दिसतो.

यासाठीं कामावर जाणाऱ्या प्रत्येकानें घरीं एक लहानशी वही ठेवावी. कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कोणत्या खात्यांत, कोणतें यंत्र, कोणतें तेल, कोणता रंग, डब्यावरचें नांव काय होतें, हें तींत लिहावें. तंबाखू किती वर्षें ओढली तेंही लिहावें. नोकरी सोडतांना ती वही रेशनकार्डाबरोबर बांधून न्यावी, आणि दवाखान्यांत गेल्यावर डॉक्टरानें न विचारतांही त्याच्यापुढें ठेवावी.