ऊन लख्ख होतं, मग वीज का गेली?

बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "सोलर वाढलं की सगळीकडची लाइट जाते म्हणतात. त्या स्पेन देशात तसंच झालं म्हणे. मग आपण छतावर पॅनेल बसवायचं की नाही?" प्रश्न रास्त आहे. पॅनेलसाठी घरातले साठवलेले पैसे जातात, कधी कर्ज काढावं लागतं. म्हणून आज स्पेनमध्ये नेमकं काय झालं ते समजून घेऊ.

दिवस होता २८ एप्रिल २०२५, सोमवार. दुपारी १२ वाजून ३३ मिनिटांनी स्पेनमधली आणि शेजारच्या पोर्तुगालमधली वीज एकदम गेली. रेल्वेगाड्या वाटेत थांबल्या, सिग्नल विझले, मोबाईल लागेनात, कार्डाने पैसे देता येईनात. दवाखाने जनरेटरवर चालले. काय झालंय हे कळायला लोकांनी बॅटरीवरचे रेडिओ शोधून काढले. रस्त्यात एकाच रेडिओभोवती घोळके जमले होते.

त्या वेळी ऊन चांगलं तापलं होतं आणि स्पेनमध्ये तयार होणाऱ्या विजेत निम्म्याहून जास्त वीज सूर्याची होती. त्यामुळे लगेच बोलणं सुरू झालं, की हे सोलरनेच केलं. कुणी म्हणालं, शत्रूने कॉम्प्युटरमधून हल्ला केला. पण सरकारी तपासात हल्ल्याचा पुरावा सापडला नाही. वीज कमी पडली, असंही नव्हतं.

आणखी एक कारण सांगितलं गेलं. पाण्यावरच्या, कोळशावरच्या किंवा अणुवीज केंद्रात मोठमोठी जड यंत्रं फिरत असतात. जात्याचा खुंटा सोडला तरी जातं अर्धा वेढा फिरतंच ना? तसं अडचणीच्या वेळी ही यंत्रं थोडा दम धरतात. सोलर पॅनेलमध्ये फिरणारं काही नसतं. ही उणीव खरी आहे. पण त्या दिवशीच्या गोंधळाची सुरुवात त्यातून झाली नाही.

सुरुवात झाली वाढलेल्या व्होल्टेजमधून. आपली तक्रार उलटी असते. संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, मोटर पाणी ओढत नाही. तिथे ते चढत गेलं. आधी अर्धा तास तारांमधली वीज हेलकावे खात होती. ते हेलकावे शांत करायला जे उपाय केले, त्यांनी व्होल्टेज आणखी चढायला मदतच झाली. मग वीज केंद्रं आपली यंत्रं जळू नयेत म्हणून आपोआप बंद होऊ लागली. घरातला एमसीबी पडतो, तसंच. काही केंद्रं तर ठरलेली मर्यादा येण्याआधीच बंद झाली, असं सरकारी अहवालात म्हटलं आहे.

लग्नाच्या मांडवाचं कापड सुटलं आणि वारा आला, तर चौघी चार कोपरे धरून उभ्या राहतात. एकीने हात सोडला की बाकीच्या तिघींवर ओढ येते. मग दुसरीचा हात सुटतो, मग तिसरीचा. तिथे तसंच झालं. अवघ्या काही सेकंदांत सुमारे १५ हजार मेगावॉट वीज नाहीशी झाली. तेव्हाच्या गरजेच्या जवळजवळ ६० टक्के.

आता खरा प्रश्न. व्होल्टेज दाबून धरायचं काम कुणाचं होतं? तिथल्या नियमाप्रमाणे ते जुन्या पद्धतीच्या केंद्रांचं होतं. त्या दिवशी अशी केंद्रं कमी चालू होती, आणि जी होती त्यांनीही हवं तेवढं काम केलं नाही. सोलर केंद्रांना ते काम नेमूनच दिलेलं नव्हतं. खरं तर त्यांची यंत्रं ते करू शकतात. पुढे नियम बदलून त्यांनाही ती जबाबदारी घेण्याची वाट मोकळी केली. तारा सांभाळणारी संस्था आणि वीज कंपन्या मात्र एकमेकांकडे बोट दाखवत राहिल्या.

अंधार व्हायला सोलरच लागतं असंही नाही. आपल्या देशात ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर आणि पूर्व भारतात वीज गेली. दुसऱ्या दिवशी ६० कोटींहून जास्त लोक अंधारात होते. तेव्हा आपल्याकडे सोलर नावापुरतंच होतं.

म्हणून ताईंना उत्तर असं, की पॅनेलला घाबरू नका, पण घेताना एक गोष्ट नक्की विचारा. "लाइट गेल्यावर हे चालेल का?" लाइनला जोडलेलं साधं पॅनेल बाहेरची वीज गेली की तेही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरातल्या विजेचा शॉक बसेल. लाइट गेल्यावरही दिवा हवा असेल तर बॅटरी आणि त्याला चालणारा इन्व्हर्टर लागतो. त्याचा खर्च वेगळा. हे आधी विचारून घेतलं, तर मागाहून फसल्यासारखं वाटत नाही.

आणि एक कळकळीचं सांगणं. त्या दिवशी स्पेनमध्ये एका घरात जनरेटरच्या विषारी धुराने तिघांचा जीव गेला. घरात प्राणवायूच्या यंत्रावर असलेलं माणूस होतं, म्हणून जनरेटर लावला होता. जनरेटर घरात, पडवीत, बंद गोठ्यात लावू नका. बाहेर उघड्यावर, दारं-खिडक्यांपासून लांब लावा. तुमच्या गटात कुणाच्या घरी असं विजेच्या यंत्रावर असलेलं माणूस आहे का, हे येत्या बैठकीत विचारा. लाइट गेली तर त्या घरी पहिल्यांदा कोण जाईल, तेही ठरवून ठेवा.

स्पेनमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बहुतेक ठिकाणी वीज परतली. धरणांवरची केंद्रं आधी सुरू केली, फ्रान्स आणि मोरोक्कोने हात दिला. आपणही हंडाभर पाणी, थोडे सुटे पैसे, टॉर्च आणि सेलवरचा रेडिओ जवळ ठेवू.