प्रवाशाची लेन्स

जयपूर पाहायला निघालेल्या मराठी प्रवाशाच्या सामानात छायाचित्रणाचे साधन नाही, असे आता क्वचितच घडते. बहुतेकांचे समाधान खिशातल्या फोनने होते. ज्यांचे तेवढ्याने होत नाही, ते हौशी लोक मात्र प्रवासाच्या आधी महिनाभर एकाच प्रश्नाने बेचैन असतात. कॅमेरा तर घेतला. त्याला लेन्स कोणती लावावी? जवळचे, दूरचे, रुंद, अरुंद असे सारे काही एकाच नळीतून टिपणारी झूम लेन्स घ्यावी, की दोन-तीन निरनिराळ्या लेन्सांचे ओझे खांद्यावर वागवावे? दुकानदार पहिल्या पर्यायाची भलामण करतो, जाणकार मित्र तिचे नाव काढताच नाक मुरडतो, आणि हौशी माणूस दोघांच्या मध्ये अडकून पडतो.

या प्रश्नाचा विचार करायला जयपूरइतके सोयीचे शहर सहसा सापडायचे नाही. सवाई प्रतापसिंहाने १७९९ मध्ये बांधलेला हवामहाल घ्या. मुख्य रस्त्याच्या कडेलाच पाच मजल्यांचा हा दर्शनी भाग उभा आहे. समोरच्या पदपथावरून तो अख्खा टिपायचा, तर फार मोठा कोन सामावणारी लेन्स लागते. पण त्याच जागी उभे राहून त्याच्या ९५३ खिडक्यांपैकी एखाद्या झरोक्याची जाळी डोळ्यांत भरली, तर लागणारी लेन्स नेमकी उलट गुणाची असते. आमेरच्या वाटेवर मानसागर तलाव आहे आणि त्याच्या मधोमध जलमहाल. तिथे छायाचित्रकाराला चार पावले पुढे टाकण्याचीही सोय नाही. पाणी आडवे येते. तिथून थोड्याच अंतरावर आमेरच्या किल्ल्यात गणेशपोळीसमोर उभे राहिले, की पुन्हा सारे जवळ येते. एका सकाळीत इतकी अंतरे बदलतात. प्रत्येक वेळी लेन्स काढून दुसरी बसवणाऱ्याचा अर्धा वेळ पिशवीत डोके घालण्यात जातो. शिवाय उन्हाळ्यात राजस्थानची बारीक धूळ कॅमेऱ्याचे तोंड उघडण्याचीच वाट पाहत असते.

लेन्सवर कोरलेले आकडे तिचे नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये सांगतात. हे अंतर जितके कमी, तितका दृष्टीचा कोन मोठा. ज्या कॅमेऱ्यातील संवेदक जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, त्यात २४ मिलिमीटरची लेन्स कर्णरेषेवर सुमारे ८४ अंशांचा कोन सामावते, ५० ची सुमारे ४७ अंशांचा आणि २०० ची अवघ्या १२ अंशांचा. बऱ्याच हौशी कॅमेऱ्यांत संवेदक याहून लहान असतो. त्यांच्या बाबतीत लेन्सवरील आकड्याला साधारण दीडने गुणले, की मोठ्या चौकटीतला समान आकडा मिळतो. तिथली १८ मिलिमीटरची लेन्स ही मोठ्या कॅमेऱ्यातील २७ च्या बरोबरीची. हा एवढा गुणाकार ध्यानात ठेवला, तर दुकानातील निम्मा गोंधळ मिटतो.

झूम हा शब्द मुळात वैमानिकांचा. विमान एकाएकी वर झेपावते, त्या क्रियेला उद्देशून तो वापरला जाई. चलच्चित्रांच्या मार्गाने तो छायाचित्रणात आला. ३५ मिलिमीटर फिल्मच्या साध्या कॅमेऱ्यासाठी झूम लेन्स प्रथम बाजारात आली ती १९५९ मध्ये. फ्रँक बॅक यांनी रचना केलेल्या त्या लेन्सचे नाव झूमार. तिचा पल्ला ३६ पासून ८२ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे सव्वादोन पटींहून किंचित अधिक. १९९२ मध्ये टॅमरॉन कंपनीने २८ ते २०० मिलिमीटरची लेन्स काढली आणि सात पटींचा पल्ला प्रवाशाच्या हाती आला. त्याच कंपनीची १८ ते ४०० मिलिमीटरची लेन्स २०१७ मध्ये आली; तिचा पल्ला २२ पटींचा. आकडे असे वाढत गेले, की सर्वांत मोठ्या आकड्याची लेन्स तीच सर्वांत चांगली, असा समज होणे स्वाभाविक आहे. जाणकार मित्र नाक मुरडतो तो याच ठिकाणी, आणि त्याचे म्हणणे काय आहे, हे समजावून घ्यायला जयपुरातच एक उत्तम जागा आहे.

ती जागा म्हणजे जंतरमंतर. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही वेधशाळा उभारली. युक्लिडची भूमिती 'रेखागणित' या नावाने संस्कृतात आणणारे पंडित जगन्नाथ सम्राट हे त्याच्या ज्योतिर्विदांपैकी एक. ते मूळचे महाराष्ट्रीय मानले जातात. जयसिंहापुढे त्या काळची पितळी यंत्रे होती. पण ती त्याला पुरेशी अचूक वाटेनात. यंत्रे लहान, त्यामुळे अंशांचे बारीक भाग त्यांवर कोरता येत नाहीत. फिरते आस झिजतात, डळमळतात, वर्तुळांचे मध्य सरकतात, अशी कारणे त्याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या 'झीज-इ-मुहंमदशाही' या ग्रंथात दिली आहेत. म्हणून त्याने दगडाची आणि चुन्याची यंत्रे बांधली. जयपूरचे सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्यात हलणारा भाग एकही नाही. हलते ती फक्त सावली. तिच्यावरून स्थानिक सूर्यवेळ दोन सेकंदांपर्यंत वाचता येते.

लेन्सच्या बाबतीतही न्याय हाच आहे. एकाच नाभीय अंतराची लेन्स हे दगडी यंत्र समजावे. तिच्यातील भिंगे एकाच कामासाठी घडवलेली असतात, म्हणून चित्र कोपऱ्यापर्यंत रेखीव येते. झूम लेन्समध्ये भिंगांचे गट पुढेमागे सरकत असतात, आणि रुंद दृश्याचे दोष व दूरच्या दृश्याचे दोष एकमेकांच्या उलट असतात. रुंद टोकाला चित्राच्या कडेच्या सरळ रेषा पिंपासारख्या फुगतात, तर दूरच्या टोकाला त्याच रेषा आत ओढल्या जातात. जयपूरसारख्या खांब-कमानींच्या शहरात हे वैगुण्य चटकन नजरेत भरते. आजचे कॅमेरे यातील पुष्कळशी दुरुस्ती आपोआप करतात, पण दुरुस्ती ही दुरुस्तीच असते. ती करताना कडेचा थोडा तपशील खर्ची पडतो. पल्ला जितका लांब, तितकी तडजोड अधिक.

मात्र जयसिंहाने पितळी यंत्रराज टाकून दिला नाही, हेही विसरता कामा नये. हातात धरता येणाऱ्या त्या तबकडीने सूर्याची उंची मोजता येई, वेळ काढता येई, ताऱ्यांची स्थाने कळत. असे यंत्रराज त्याने जमवले, आणि त्याच्या रचनेवर 'यंत्रराजरचना' हा ग्रंथही त्याच्याच नावावर आहे. सम्राट यंत्र अचूक खरे, पण ते काखेत मारून कोणाला प्रवासाला जाता येत नाही. वेधशाळेचे साधन वेगळे, वाटसरूचे वेगळे. सबकुछ एकाच नळीत असणारी झूम लेन्स हा छायाचित्रकाराचा यंत्रराज आहे. तिच्याकडून सम्राट यंत्राची अचूकता मागणे जसे चुकीचे, तसेच ती अचूकता तिच्यात नाही म्हणून तिला हिणवणेही चुकीचे.

तिची खरी परीक्षा होते ती मात्र उजेडात, किंबहुना उजेड सरल्यावर. लेन्सच्या छिद्राचे माप सांगणारा आकडा जितका लहान, तितका प्रकाश अधिक. या जातीच्या लेन्सांत तो आकडा रुंद टोकाला साधारण ३.५ किंवा ४ असतो आणि दूरच्या टोकाला ६.३ पर्यंत जातो. ४ वरून ६.३ वर येणे म्हणजे प्रकाश अडीच पटींनी घटणे. भर दुपारी आमेरच्या तटावर याची जाणीवही होत नाही. मनिहारोंच्या गल्लीत लाखेच्या बांगड्या घडवणाऱ्या कारागिराच्या दुकानात शिरले, की ती होते. आत अंधार, शेगडीत निखारा, आणि तापलेल्या लाखेवर झरझर चालणारे हात. हाताचा कंप सावरणारी योजना लेन्समध्ये असते; तिने छायाचित्रकाराचा हात स्थिर होतो, कारागिराचा होत नाही. तिथे १.८ छिद्राची, एकाच नाभीय अंतराची एक लहानशी लेन्स ६.३ च्या तुलनेने बारा पट प्रकाश आत घेते. म्हणून सुज्ञ प्रवासी झूमच्या जोडीला ३५ किंवा ५० मिलिमीटरची अशी एक हलकी लेन्स खिशात ठेवतो आणि दिवस मावळला, की ती लावतो.

तेव्हा निवड करताना क्रम कसा असावा? पहिला प्रश्न लहान आकड्याचा. लेन्स २४ पासून सुरू होते की २८ पासून, हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. पण जिथे मागे सरकायला भिंत आड येते, तिथे चार मिलिमीटर फार मोलाचे ठरतात. दूरची वस्तू चित्रातून पुढे कापून घेता येते. चौकटीबाहेर राहिलेला बुरूज मागाहून आत आणता येत नाही. दुसरा प्रश्न वजनाचा. २०२० मध्ये निघालेली निकॉनची २४ ते २०० ची लेन्स ५७० ग्रॅमची आहे, आणि त्याच्या आदल्या वर्षी आलेली कॅननची २४ ते २४० ची ७५० ग्रॅमची. नाहरगडची चढण चढताना हा फरक मानेला कळतो, आणि जो कॅमेरा जड म्हणून खोलीवर राहिला, त्याच्या लेन्सचा कोणताच गुण उपयोगी पडत नाही. तिसरा प्रश्न छिद्राचा. मोठ्या आकड्याचा प्रश्न सर्वांच्या शेवटी यावा. जयपूर शहराला लागूनच झालाना हे बिबट्यांसाठी राखलेले वन आहे. केवळ बिबट्यासाठीच जो तिथे जाणार, त्याने त्या कामाचीच लांब लेन्स न्यावी. ज्याला बिबट्या दिसला तर हवा आहे, त्याने त्याच्या आशेवर वर्षभर जड नळी वागवू नये.

आपल्याला काय लागते, याचा पुरावा ज्याच्या त्याच्या घरीच असतो. आजचा कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर त्या वेळचे नाभीय अंतरही नोंदवून ठेवतो. मागल्या दोन सहलींची चित्रे उघडून ते आकडे पाहावेत. पंढरीच्या वारीत, कासच्या पठारावर किंवा रायगडावर काढलेली आवडती चित्रे बहुधा कोणत्या आकड्यांच्या आसपास आहेत, ते पाहिले, की आपल्या नजरेचा कल कळतो. दुकानात लेन्स दोन्ही टोकांना लावून समोरच्या पाटीचे चित्र घ्यावे आणि त्याचे चारही कोपरे मोठे करून न्याहाळावेत. लेन्स खाली तोंड करून धरली असता नळी आपोआप घसरत बाहेर येते का, हेही पाहावे. नळी लांब होताना हवा आत ओढते आणि हवेबरोबर धूळही. म्हणून धुळीपावसापासून बचावाची सोय तिच्यात किती आहे, ते विचारून घ्यावे.

एवढे सारे झाल्यावरही एक गोष्ट उरते, आणि ती दुकानात मिळत नाही. जयपूरच्या गादीवर १८३५ ते १८८० या काळात असलेले महाराजा सवाई रामसिंह हे स्वतः छायाचित्रकार होते. त्यांच्या काळची ओली काचपट्टी तयार केल्यापासून सुकण्याच्या आत, म्हणजे जेमतेम दहा-पंधरा मिनिटांत, चित्र घेऊन धुवावी लागे. कॅमेरा तिकाटण्यावर, जड आणि अचल. रामसिंहांनी आपल्या जनान्यातील स्त्रियांची चित्रे काढली. पडद्यात राहणाऱ्या त्या स्त्रिया खुर्चीवर बसून थेट लेन्सकडे पाहताना त्यांत दिसतात. त्या काचपट्ट्या जयपूरच्या सिटी पॅलेस संग्रहालयात जतन केलेल्या आहेत. राजाज्ञेला नकार देणे त्या स्त्रियांना कितपत शक्य होते, हा प्रश्न रास्तच आहे. पण आपले चित्र निघत आहे, हे त्यांना ठाऊक होते. समोरचा माणूस त्यांच्यापासून काही पावलांवर उभा होता, आणि त्या पाहण्याला त्याही पाहून उत्तर देत होत्या.

आजच्या लांब झूमने ही पावले अनावश्यक केली आहेत. जोहरी बाजारात रस्त्याच्या पलीकडून कोणत्याही स्त्रीचा, कोणत्याही वृद्धाचा चेहरा त्याच्या नकळत खेचून घेता येतो. झरोक्याची जाळी अशी खेचून घ्यायला हरकत नाही. जाळीला मन नसते. माणसाच्या बाबतीत मात्र ही सोय फसवी आहे. बांगड्यांच्या कारागिराकडे जाऊन दोन शब्द बोलले, चित्र काढू का म्हणून विचारले, तर कधी नकार मिळेल, पुष्कळदा चहा मिळेल, आणि जे चित्र मिळेल त्यात कारागिराचा होकार असेल. त्याला २०० मिलिमीटर लागत नाहीत, पन्नासही पुरतात.

प्रवाशाने एकच लेन्स घ्यावी, यात कमीपणा काही नाही. ती घेताना लहान आकडा, वजन आणि उजेड पारखून घ्यावा, आणि मोठा आकडा किल्ल्यांसाठी, पाण्यातल्या महालासाठी, पाखरांसाठी राखून ठेवावा. माणसांचे चित्र घ्यायचे असेल तेव्हा नळी आखूड करावी आणि पाय पुढे टाकावेत.