भांडण त्यांचं, ओटा आपला

‘बिग बॉस मराठी’चं पर्व चालू असलं की विरार लोकलच्या बायकांच्या डब्यात एकच विषय: काल कोण कोणावर ओरडली. २०१८ साली पहिलं पर्व मेघा धाडे यांनी जिंकलं, पण आम्हाला आठवतात ती भांडणंच. बायकाच बायकांच्या वैरी, हे जुनंच पालुपद, आता जाहिरातींसकट.

२०२३ च्या ‘बाईपण भारी देवा’तल्या सहा बहिणीही भांडतात. पण मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्ताने त्या एकमेकींशी बोलतात, भांडणामागचं दुखणं कळतं. आम्ही शेजारणी मिळून गेलो, परतल्यावर फुगडीही घातली! एकच खटकलं. त्या सरावाला गेल्यावर घरचा स्वयंपाक कोण करत होतं?

२०२५ साली आलेला ‘मिसेस’ तिथेच, ओट्यापाशी थांबतो. तो मी घरी मोबाइलवर पाहत होते. मध्येच चहासाठी हाक आली. मी उठले, हे इथे कबूल करते.