सँकी आणि बंगळूरची तळी



बंगळूरमधील उच्च न्यायालयाची तांबडी वास्तू ‘अठरा कचेरी’ या नावानेही ओळखली जाते. मराठ्यांचे ‘अठरा कारखाने’ ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या नावाचा उलगडा करून सांगावयास नको. म्हैसूरचा कारभार इंग्रज आयुक्तांकडे असताना सरकारी खाती टिपूच्या जुन्या राजवाड्यात दाटीने बसत. त्यांच्यासाठी १८६४ ते १८६८ या काळात ही दुमजली इमारत उभारण्यात आली. तिचा आराखडा रिचर्ड सँकी यांचा. बांधकाम आर्कॉट नारायणस्वामी मुदलियार यांचे.

सँकी यांचा जन्म १८२९ मध्ये आयर्लंडमध्ये झाला. १८४६ मध्ये ते मद्रासच्या अभियंता पलटणीत दाखल झाले, काही काळ नागपूरला राहिले आणि १८६४ मध्ये म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. १८७० मधील कब्बन उद्यान आणि १८७७ मधील संग्रहालयाची इमारत याही त्यांच्याच कृती होत.

तथापि त्यांचे खरे मोठे काम इमारतींचे नव्हे. बंगळूर हे शहर मोठ्या नदीवाचून वसलेले आहे. पूर्वजांनी तेथे उतारावर एकाखाली एक तळी बांधली. वरचे भरले की सांडव्यावरून पाणी खालच्या तळ्यात जाई. पण वरचा बांध फुटला, तर लोंढा खालचे बांधही फोडीत असे. म्हणून केवळ एकेका तळ्याची डागडुजी करून भागणार नाही, हे सँकी यांनी ओळखले. संबंध खोऱ्याची मोजणी करावी, प्रत्येक तळ्यात किती क्षेत्राचे पाणी उतरते ते ठरवावे आणि मगच बांध व सांडवे दुरुस्त करावेत, अशी पद्धत त्यांनी घालून दिली. परंपरेने निर्माण केलेल्या साखळीला त्यांनी गणिताची जोड दिली.

१८८२ मधील एका तळ्याला सँकी यांचे नाव आहे. जुनी तळी खोदणाऱ्या असंख्य हातांची नावे मात्र उरली नाहीत.

१९८०च्या दशकात ‘अठरा कचेरी’ पाडण्याचा घाट घातला गेला, तेव्हा नागरिक तिच्या बाजूने उभे राहिले आणि ती वाचली. तळ्यांना जोडणाऱ्या ‘राजकालुवे’ नावाच्या मोठ्या नाल्यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. अनेक ठिकाणी त्यांवर घरे आणि रस्ते झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये शहराचा पूर्व भाग पाण्याखाली गेला, तेव्हा त्याची किंमत मोजावी लागली. वास्तू डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्यासाठी माणसे धावून येतात. जमिनीचा उतार सहसा दिसत नाही. पाणी मात्र तो कधी विसरत नाही.