डीएनए, सिकलसेल आणि रक्ताची थाप

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



आज डीएनएवर बोलायचं आहे. कॉलेजातली पोरं म्हणतील, हे तर बारावीत झालं. झालं असेल. घोकलं, मार्क घेतले, पुस्तक रद्दीत गेलं. पण नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात ज्या घरात सिकलसेलनं विव्हळणारं पोर आहे, त्या घराला 'तुमच्या रक्तातच खोट आहे' असं सुनावणारे आजही भेटतात. त्यांना उत्तर द्यायला शिवी पुरत नाही. रसायनशास्त्र लागतं. शिवी नंतर देऊ.

हा पदार्थ सापडला कुठं ते आधी ऐका. 1869 साली जर्मनीतल्या ट्युबिंगेन गावात फ्रीडरिश मीशर नावाचा तरुण स्विस डॉक्टर शस्त्रक्रियेच्या दवाखान्यातून जखमांच्या पट्ट्या आणायचा. पुवानं भरलेल्या, लोक नाक दाबून फेकतात त्या. पू म्हणजे बहुतेक पांढऱ्या पेशी. त्या पेशींच्या केंद्रकातून त्यानं एक पदार्थ काढला. प्रथिनासारखा नव्हता आणि त्यात फॉस्फरस होता. नाव ठेवलं न्यूक्लेइन. तोच आपला डीएनए. ज्याच्या जोरावर पुढं लोक वंश-वंश करत नाचले, तो पदार्थ घाणीत हात घातल्यावर सापडला. सोवळं नेसून हे काम झालं नसतं.

आणखी एक गंमत. माणसाच्या रक्तातली लाल पेशी तयार होताना आपलं केंद्रक बाहेर टाकते. म्हणजे पूर्ण वाढलेल्या लाल पेशीत वंशाचा हा डीएनए नसतोच! 'आमचं रक्त' म्हणून मिशीला पीळ देणाऱ्याच्या रक्ताला ज्या पेशींनी लाल रंग आहे, त्या पेशींना त्याच्या बापजाद्यांची खबरही नाही.

आता बांधणी. डीएनएत तीनच चिजा : पाच कार्बनची साखर, फॉस्फेट, आणि नत्र असलेला बेस. बेस चार. ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन, सायटोसीन. आपण ए, टी, जी, सी म्हणू. साखर-फॉस्फेट-साखर-फॉस्फेट अशी लांब साखळी होते, तो शिडीचा दांडा. असे दोन दांडे एकमेकांभोवती पिळलेले, तोंडं उलट दिशांना. बेस आतल्या बाजूला. त्यांच्या जोड्या म्हणजे पायऱ्या. एसमोर टी, जीसमोर सी. का? ए आणि जी अंगानं मोठे, दोन कड्यांचे. टी आणि सी लहान, एका कड्याचे. मोठ्यासमोर लहान बसला तरच शिडीची रुंदी सगळीकडे सारखी राहते, 2 नॅनोमीटर. मग ए-टीमध्ये दोन हायड्रोजन बंध जुळतात, जी-सीमध्ये तीन. हे बंध कच्चे, दांड्यातले बंध पक्के. म्हणून शिडी मधोमध उसवता येते, दांडा न तोडता. आणि उसवलेल्या एका अर्ध्यावरून दुसरा अर्धा नव्यानं बांधता येतो. पेशी दुभंगते तेव्हा हेच चालतं. माणसाच्या एका संचात अशा सुमारे 300 कोटी पायऱ्या. पेशीत दोन संच. सरळ ताणले तर 2 मीटर भरतील.

ही शिडी 1953 साली वॉटसन आणि क्रिक यांनी मांडली. पण रोझलिंड फ्रँकलिनच्या प्रयोगशाळेत 1952 साली घेतलेला क्ष-किरणांचा फोटो तिला न विचारता वॉटसनला दाखवला गेला होता. ती 1958 साली गेली, वय 37. नोबेल 1962 साली तीन पुरुषांना. मेलेल्याला नोबेल देत नाहीत हे ठाऊक आहे, पण जिवंतपणी तरी पुरतं श्रेय कुठं दिलं? आणि हाच वॉटसन 2007 साली काळ्या माणसांच्या बुद्धीबद्दल बरळला. 2019 मध्ये त्याच्याच संस्थेनं त्याची मानाची पदं काढून घेतली. रेणू कळला म्हणून माणूस कळतो असं नाही.

आरएनए म्हणजे याचा धाकटा नातेवाईक. बहुधा एकेरी साखळी. टीच्या जागी यू, म्हणजे युरासील. आणि साखरेवर एक ऑक्सिजन जास्त. एवढासा फरक, पण भारी. त्या ऑक्सिजनसकट असलेला हायड्रॉक्सिल गट शेजारच्या फॉस्फेटवर हल्ला करतो आणि साखळी तुटते. म्हणून आरएनए तकलादू, डीएनए टिकाऊ. डीएनए म्हणजे तलाठ्याच्या दप्तरातला मूळ सातबारा, आरएनए म्हणजे काम भागवून टाकून द्यायची नक्कल. ही नक्कल तीन-तीन अक्षरांनी वाचली जाते. एका तिकडीला एक अमिनो आम्ल, ते ओवत जाऊन प्रथिन. कुठली तिकडी कशाची, हे उलगडण्यात हरगोविंद खुरानांचा मोठा वाटा. पंजाबातल्या रायपूर खेड्यातल्या पटवाऱ्याचा हा मुलगा, 1968 चा नोबेल मानकरी.

आता सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागेला तिकडी असते जीएजी. तिथं मधल्या एच्या जागी टी आला की जीटीजी. आरएनएत जीएजीचं जीयूजी. बस्स, एक अक्षर. ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं. पहिल्यावर ऋण विद्युतभार, पाण्याशी दोस्ती. दुसरं तेलकट, पाण्यापासून पळणारं. ऑक्सिजन सोडला की ही तेलकट जागा शेजारच्या हिमोग्लोबिनला चिकटते, त्याला तिसरं, त्याला चौथं, अशा कडक दोऱ्या बनतात. गोल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नळ्यांत अडकते. मग हाडं फोडल्यागत वेदना. साधी लाल पेशी 120 दिवस जगते, ही 10-20 दिवसांत फुटते.

हे अक्षर आपल्याच वस्त्यांत का? ज्याच्याकडे दोनांपैकी एकच प्रत बदललेली आहे तो वाहक, एएस. त्याला आजार नाही, आणि जीवघेण्या मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. म्हणून जिथं मलेरिया माजला तिथं हे अक्षर टिकलं. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसच्या बाजूला आणि इथं, जंगलाकाठच्या विदर्भात. आदिवासींत आहे, आपल्या बौद्धांत आहे, काही इतर मागास जातींतही आहे. हे पाप नाही, शाप नाही, कर्म तर नाहीच नाही. डासाशी झालेल्या लढाईचा तो हिशेब आहे.

पण ते एकेका जातीत कोंडून का राहिलं? कारण लग्नं जातीत. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचला, त्यात सजातीय विवाह हाच जातीचा गाभा म्हणून दाखवला. तेव्हा डीएनएची बांधणी कुणाला माहीत नव्हती. आज आपणही पोटजात विचारतो, आडनावं तपासतो, जिल्ह्याबाहेर सोयरिक नको म्हणतो. एएस मुलाचं एएस मुलीशी लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात एसएस मूल होण्याची शक्यता चारात एक. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नाही. दर वेळी नव्यानं चारात एक. आणि पोर आजारी जन्मलं की दोष एकट्या सुनेच्या माथी. अरे, एक प्रत बापाची असल्याशिवाय एसएस होतच नाही!

उपाय आहे का? 2023 अखेर ब्रिटन आणि अमेरिकेत एका उपचाराला मंजुरी मिळाली. वाट दाखवायला आरएनएचा तुकडा, कापायला प्रथिन. रोग्याच्या मज्जेतल्या पेशी बाहेर काढून त्यांच्या डीएनएत बदल करायचा, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होतं. अमेरिकेत किंमत 22 लाख डॉलर. म्हणजे आफ्रिकेच्या आणि आपल्या लेकरांचा रोग, औषध परवडणार दुसऱ्यांना. आपल्याकडे सरकारनं 2023 सालीच सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जाहीर केली, मुदत 2047. तोवर हायड्रॉक्सीयुरियाची गोळी आहे. बरं करत नाही, पण झटके कमी करते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती आहे की नाही, हे कुणी विचारायचं? मंत्री येऊन विचारणार नाही.

तपासणी सोपी आहे. आधी विद्राव्यता चाचणी, ती सकारात्मक आली की इलेक्ट्रोफोरेसिस. पहिलीत सिकल आहे एवढंच कळतं. एएस की एसएस ते दुसरीत. त्यामुळे पहिल्या कागदावर घाबरू नका आणि त्यावर थांबूही नका. लग्नाच्या बैठकीत पत्रिका आपण मागत नाही, हा कागद मागा. दोन्हीकडचा. दोघं एएस निघाले तर गर्भातच तपासणी करता येते, हेही सांगा. लग्न मोडा असं मी म्हणत नाही. त्यांचं ते ठरवतील, पण माहीत असून ठरवतील.

आता प्रश्न विचारा. मुलींनी आधी.