शास्त्रग्रंथांचा क्रम



पवित्र शास्त्र घरीं असून त्यांतील ग्रंथ कोठें शोधावा हें ठाऊक नसेल, तर तें फळीवरच राहतें. आपल्या बायबलांत 73 ग्रंथ आहेत. ही यादी ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें 1546 सालीं कायम केली. इतकीं नांवें एका दमांत पाठ करावयास लावल्यास मुलें कंटाळतात. म्हणून आधीं गट शिकवावे. जुन्या करारांत नियमशास्त्राचे 5, इतिहासाचे 16, ज्ञानपर 7 व संदेष्ट्यांचे 18 ग्रंथ. नव्या करारांत शुभवर्तमानें 4, प्रेषितांचीं कृत्यें, संत पौलाच्या नांवानें चालत आलेलीं पत्रें 14, इतर पत्रें 7 व शेवटीं प्रकटीकरण. मग एकेका गटांत नांवें भरावीं.

हा क्रम लेखनकाळाचा नव्हे. पौलाचीं मंडळ्यांस लिहिलेलीं पत्रें साधारणतः लांबीनुसार लाविलीं आहेत. म्हणून रोमकरांस पत्र आधीं येतें, जरी थेस्सलनीकाकरांस पहिलें पत्र त्याहून जुनें आहे.

सायंप्रार्थनेनंतर रोज एक गट मुलांकडून म्हणवून घ्यावा. दुःखाच्या रात्रीं स्तोत्रसंहिता शोधणाऱ्या हातास चाचपडावें लागूं नये, एवढ्यासाठींच हा खटाटोप.