दाखल्यात न मावणारे मूल

शिक्षणाचा हक्क हे शब्द आपल्या ठरावांत वारंवार येतात. तो हक्क नेमका कोठे गळतो, याची चर्चा मात्र क्वचितच होते. यवतमाळ जिल्ह्यात ती जागा चौथी आणि पाचवी, किंवा सातवी आणि आठवी यांच्यामध्ये आहे.

झरी जामणी, मारेगाव, केळापूर या तालुक्यांतील पोडांवरच्या मुलाची पहिली शाळा जिल्हा परिषदेची, एक-दोन शिक्षकांची असते. स्वमग्न मूल, अक्षरांची उलटापालट करणारे मूल, एका जागी न टिकणारे मूल तेथे कसेबसे सामावते. हा तोंडी हिशेब बिनचूक सांगतो पण लिहू शकत नाही, गोंगाट झाला की कान झाकतो, हे गुरुजींना चार वर्षांत ठाऊक झालेले असते. पुढची शाळा दुसऱ्या गावी, बहुधा अनुदानित संस्थेची. तेथे दर तासाला शिक्षक बदलतो. मुलासोबत जातो तो फक्त दाखला: जात, जन्मतारीख, ‘प्रगती समाधानकारक, वर्तणूक चांगली’. गुरुजींना जे ठाऊक होते त्यासाठी त्यात रकाना नाही. दिवाळीपर्यंत मूल ‘ढ’ ठरते आणि पुढे कापूस वेचणीला लागते. पटावर त्याचे नाव मात्र राहते.

कायदे नाहीत असे नव्हे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा चौदाव्या वर्षापर्यंत सोबत करतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांना मान्यता देऊन मोफत शिक्षणाची मर्यादा अठरापर्यंत नेली. पण त्यासाठी किमान ४० टक्के अक्षमतेचा दाखला हवा. तो मिळवायचा म्हणजे मजुरी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा घालायच्या. हक्काला असे प्रवेशमूल्य लागले की तो ज्याच्याकडे वेळ आणि पैसा आहे त्याचाच होतो. शिवाय २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, म्हणजे उंबरठा नेमका तेथेच उंच झाला.

यात भाषेचा प्रश्न मिसळतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने वाचन-अक्षमतेची चाचणी मराठीतही तयार केली, हे मोठेच काम. पण घरी कोलामी बोलणारे मूल मराठी चाचणीत अडखळले, तर दोष मेंदूच्या घडणीचा की परक्या भाषेचा? खरी अक्षमता ‘आदिवासी मुलांचे असेच’ म्हणून दुर्लक्षिली जाते, आणि निव्वळ भाषेची अडचण अक्षमता ठरते. दोन्ही चुकांची किंमत एकच घर मोजते.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा आणि माध्यमिक स्तरावर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा असे सांगितले. राज्य सरकारने २०२४ मध्ये ४,८६० पदे मंजूर केली, तीही कंत्राटी शिक्षकांच्या दीर्घ लढ्यानंतर. आपल्या जिल्ह्यात त्यांतील किती भरली, कोणत्या केंद्रात, हे पक्षाच्या तालुका शाखांनी लेखी विचारावे.

दुसरे काम त्याहून सोपे आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि त्यांत आपले कार्यकर्तेही आहेत. विदर्भातील शाळा जूनअखेर उघडतात. त्याआधी गुरुजींकडून अशा प्रत्येक मुलाविषयी एक कागद लिहून घ्यावा आणि पालकांच्या संमतीने, त्यांच्यासोबत जाऊन तो नव्या मुख्याध्यापकांच्या हाती द्यावा. यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.